पान सुटल्यावर

सिगरेट का सोडलीस, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. विचारणाऱ्याला काहीतरी घडलेलं हवं असतं. छातीत कळ आली, डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरला, लेकीनं शपथ घातली, असं काहीतरी. माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. जिना चढताना धाप लागायची, पण ती बऱ्याच वर्षांपासून लागत होती. बायकोची कुरकुर आमच्या लग्नाइतकीच जुनी. आणि धोके ठाऊक नव्हते असं म्हणायला मला तोंड नाही, कारण मी वर्तमानपत्रात उपसंपादक. ३१ मे, जागतिक तंबाखूविरोधी दिनाचं अर्धं पान दरवर्षी माझ्याकडेच यायचं. काळवंडलेल्या फुप्फुसाचं चित्र, खाली चौकट, चौकटीत तज्ज्ञांचा सल्ला. मथळा मनासारखा जमला की खाली टपरीवर जाऊन एक शिलगावायची.

तेव्हा माहितीनं माझं काही भलं केलं नाही. भलं केलं ते आधी स्वतः सोडून बसलेल्या चार जणांनी. त्यातल्या तिघांनी मला धोका म्हणून एकदाही काही सांगितलं नाही. चौथ्यांनी सांगायला सुरुवात केली होती, त्यांना बाकीच्यांनी गप्प केलं.

मी कोल्हापुरात डेस्कवर रुजू झालो तेव्हा टेबलाटेबलावर ॲशट्रे असायचे. एका हातात लाल पेन, दुसऱ्या हातात सिगरेट, हा ज्येष्ठांचा थाट. २ ऑक्टोबर २००८ पासून कामाच्या जागी ओढायला बंदी आली आणि आम्ही आधी जिन्यात गेलो, मग गच्चीवर, मग रस्त्यापलीकडच्या टपरीवर. २०२० मध्ये राज्यात सुट्या सिगरेटच्या विक्रीवरही बंदी आली. टपरीवर मात्र सुटी मिळतच राहिली. या नियमांनी माझी सिगरेट कमी केली असेल-नसेल, पण एक झालं, ती कामाच्या वेळांना बांधली गेली. डाक आवृत्ती गेली की एक. जिल्ह्याची पानं लागली की एक. आणि शहर आवृत्तीचं पहिलं पान सुटलं की ती खरी. रात्रीचा साडेबारा-एकचा सुमार, खाली मशीनचा आवाज चढत चाललेला, आता बातमीत काही चुकलं असलं तरी आपल्या हातात नाही. त्या सिगरेटची सर दिवसातल्या दुसऱ्या कुठल्याही सिगरेटला नव्हती, हे आज न ओढणारा माणूस म्हणूनही मी कबूल करतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी निपाणीकडचा. आमच्याकडे तंबाखू हे पीक आहे, घर चालवणारं पीक. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते. गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्या घरात ती हकिकत अजून मान वर करून सांगितली जाते. माझी कॉलेजची फी तंबाखूच्या पट्टीतून भरली गेली. त्यामुळे तंबाखूला राक्षस ठरवणाऱ्या भाषणांशी माझं कधी जमलं नाही. व्यासपीठावरून कुणी तसं बोलायला लागलं की माझा हात खिशातल्या पाकिटाकडे जायचा.

मामा आमच्या मशीन विभागातून निवृत्त झालेले. सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणतं. पूर्वी बिडी ओढायचे, निवृत्तीच्या कितीतरी आधी सोडली होती. महिन्यातून एकदा-दोनदा गेटवर चक्कर टाकायचे. अंक हातात घेऊन आधी फोटो डोळ्यांजवळ न्यायचे आणि चार रंग एकावर एक नीट बसलेत का ते पाहायचे. मजकूर नंतर. अशाच एका संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "मामा, सोडावी म्हणतोय."

बाकी सगळे अशा वेळी विचारतात, दिवसाला किती ओढतोस. मामांनी विचारलं, "सगळ्यात जास्त कवा लागती?"

मी म्हटलं, "पान सुटल्यावर."

"मग त्या टायमाला मला फोन कर. मी जागाच असतोय."

ते खरंच जागे असायचे. उभा जन्म रात्रपाळीत गेल्यामुळे मशीन सुरू व्हायच्या वेळेआधी त्यांचा डोळा लागत नसे. घरची माणसं झोपलेली, हा माणूस सोप्यात एकटाच बसलेला. त्यांनाही बोलायला कुणीतरी हवं असणार. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तर फोन करताना इतका संकोच वाटला नसता.

पाकिटावर १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. २०१६ साली सुरू झालेली ही सरकारी मदतवाहिनी, फोन फुकट. मी तिथंही फोन केला. पलीकडच्या बाई शांतपणे बोलल्या, सोडायची तारीख ठरवा म्हणाल्या, आणि पुढे स्वतःहून फोन करत राहिल्या. काम चोख होतं. तारीख मात्र मामांनी बदलायला लावली. मी साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरला होता. मामा म्हणाले, "सुट्टीला सोडून काय उपेग? घरात कोण बी सोडंल. ड्यूटी असंल त्या दिवशी सोड."

तो जुलै होता आणि पंचगंगा चढत होती. पावसाळ्यात कोल्हापूरच्या डेस्कवर कसं काम चालतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी हा पहिल्या पानाचा प्राण. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. शेवटचा आकडा आपत्ती नियंत्रण कक्षाकडून आल्याशिवाय पान सोडता येत नाही, कारण सकाळी नदीकाठचा माणूस त्या आकड्यावरून घरातलं धान्य वर चढवायचं की नाही हे ठरवतो. त्या रात्री आकडा येत नव्हता. वार्ताहर फोन लावून थकला. ऑपरेटरनं मथळ्यात आकड्याची जागा मोकळी सोडून पान तयार ठेवलेलं. खालून मशीनवाल्यांचे फोनवर फोन. माझी बोटं आपोआप खिशाकडे जायची, खिसा रिकामा दिसला की टेबलावरची पिन उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. तोंडाला पाणी सुटत होतं आणि घसा कोरडा पडला होता. दोन्ही एकदम कसं होतं कुणास ठाऊक, पण होतं. शेवटी आकडा आला, पान सुटलं, आणि मी जिन्यात येऊन मामांना फोन लावला.

"सुटलं?"

"सुटलं."

"पाणी किती?"

"एकोणचाळीसला दोन इंच कमी."

"राधानगरीचं दार उघडलंय काय?"

"नाही अजून. पण धरण भरत आलंय."

"मग उद्या बग तू. आन् पहिल्या पानाला जाहिरात कसली हाय? खाली सगळी काळी हाय का? काळी असंल तर शाई लई ओढती ती, पोरांला सांग…"

असं चाललं. सिगरेटचा शब्द त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. २००५ च्या पुरात, २०१९ च्या पुरात काय काय झालं ते त्यांनी सांगितलं. मी हूं हूं करत जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. बोलता बोलता लक्षात आलं की घशातली ती ओढ उतरली आहे. तल्लफ येते ती काही मिनिटांसाठीच, तेवढी जाऊ द्या, असं मी स्वतः चौकटीत छापलं होतं. पण ती मिनिटं जाऊ द्यायची म्हणजे काय करायचं, हे चौकटीत मावत नाही. आमच्यापुरतं ते म्हणजे धरणाचं दार आणि काळ्या जाहिरातीची शाई.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, हे सगळे सांगतात. पण आणखी काय काय होतं ते सभ्य माणसं सांगत नाहीत. ते आमच्या ऑपरेटरनं सांगितलं. पानं लावणारा हा मुलगा वर्षभरापूर्वी सुटलेला. माझ्या ड्रॉवरमध्ये त्यानं न विचारता इसबगोलाचं पाकीट आणून ठेवलं. मी बघत राहिलो तर म्हणाला, "दादा, लाजू नका. सकाळी सिगरेटवर पोट चालायची सवय असते, ती गेली की सगळं अडतं." तसंच झालं. तोंडही आलं. खोकला तर सोडल्यावर वाढला. मी घाबरलो, पण श्वासनलिकेतली धुरानं निपचित पडलेली बारीक केसरं पुन्हा हलायला लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात, तो हा खोकला. ऑपरेटर म्हणाला, "झाडू मारायला लागलं की धूळ उडणारच." निकोटिनच्या च्युइंगगमचंही त्यानंच शिकवलं. साध्या गमसारखं भराभर चावायचं नाही. थोडं चावून जिभेला चुरचुरलं की गालाच्या कडेला धरून ठेवायचं, नि आधी पाव तास चहा प्यायचा नाही. तो स्वतः पहिल्या दिवशी भराभर चावत बसला होता आणि मीटिंगमध्ये संपादकांसमोर त्याला उचक्या लागल्या होत्या. संपादक त्याला म्हणाले होते, कुणीतरी आठवण काढतंय वाटतं.

मावशी ऑफिसची झाडलोट करतात. एक दिवस माझ्या टेबलाजवळ थांबून म्हणाल्या, "साहेब, गच्चीवरच्या कुंडीत थोटकं कमी झाल्याती. तुमी सोडलीसा काय?" टपरीवर जायला पाऊस आडवा आला की मी गच्चीच्या पत्र्याखाली उभा राहायचो, हे त्यांना कुंडीवरून कळत होतं. बायकोच्याही आधी त्यांना कळलं. मग त्यांनी आपलं सांगितलं. त्या मिसरी लावायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची, सकाळी उठल्या उठल्या बोटानं दातांना. भाजताना घरभर असा ठसका उठायचा की सून पोराला घेऊन अंगणात जाऊन बसायची. एकदा रांगत्या नातीनं डबी उघडून बोट तोंडात घातलं. पोरगी ओकून ओकून पांढरीफटक पडली. मावशींनी त्या दिवशी डबी चुलीत टाकली.

"मग त्रास झाला नाही?" मी विचारलं.

"झाला की. आठ दिस डोकं उठलं. पर बोटाचं काय करू? बोटाला काम लागतं ओ." त्या मीठ घेऊन नुसतंच दातांवर बोट फिरवत बसायच्या. मला म्हणाल्या, "खिशात शेंगा ठेवा. फोडायला येळ लागतो."

ठेवल्या. टरफलं मावशीच झाडायच्या आणि वर म्हणायच्या, थोटकापेक्षा बरी.

त्यांच्याकडं सोडायला कारण होतं, माझ्याकडं नव्हतं. मी ते एकदा बोलून दाखवलं. त्यांना त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. त्या केर भरून पुढच्या टेबलाकडं गेल्या.

चौथे मास्तर. मामांचे शेजारी, ज्युनियर कॉलेजात विज्ञान शिकवायचे. सोडणाऱ्यांमध्ये एक जात असते, कालपरवापर्यंत स्वतः ओढत होते हे साफ विसरून दिसेल त्याला उपदेश करणारी. मास्तर त्या जातीचे. गंगावेशीत पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी धुरात किती विषारी रसायनं असतात ते मोजायला घेतलं. मामांनी हात वर केला. "मास्तर, ते सगळं पेपरात असतंय. ते त्यानंच छापलंय."

पण मास्तरांनी एक गोष्ट सांगितली आणि ती मात्र लाखमोलाची निघाली. सोडल्यापासून मला झोप येत नव्हती, छाती धडधडायची, हात थरथरायचे. सिगरेट सुटल्याचा त्रास म्हणून मी सोसत होतो. मास्तरांनी विचारलं, "चहा किती?" चहा वाढलाच होता, हाताला काम म्हणून. ते म्हणाले, धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन भराभर फोडून टाकतं. धूर बंद झाला की यकृताचा तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. म्हणजे कप तेवढेच ठेवले तरी चहा जवळजवळ दुप्पट चढतो. मी चहा निम्म्यावर आणला. आठवडाभरात झोप लागायला लागली. इतक्या वर्षांत हे माझ्या कुठल्याच चौकटीत आलेलं नव्हतं. पुढच्या ३१ मेला मी ते छापलं, मास्तरांच्या नावानं. त्यांनी त्या दिवशी दहा अंक विकत घेतले.

गंगावेशीचा दूधकट्टा कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला तसाच कोमट हातात देतात. तालमीतले पैलवान येतात, पर्यटक येतात, आणि ड्यूटीवर जायच्या आधी संध्याकाळी आम्ही. ही मामांचीच टूम. ते म्हणायचे, दुधावर सिगरेट गवतासारखी लागती. खरं आहे ते. चहावर सिगरेट खुलते, दुधावर तिची चवच मरते. आठवड्यातून एकदा जमायचो. दूध प्यायचं, म्हशीच्या किमतीवर बोलायचं आणि निघायचं. कुणी उभं राहून आपली कहाणी सांगितली नाही, टाळ्या झाल्या नाहीत. कुणी कुणाला शाबासकी दिली नाही. मला ते फार बरं वाटायचं. घरी आणि नातेवाइकांत शाबासकीचा पूर आला होता आणि त्यामागून तो ठरलेला प्रश्न यायचा, "अजून सोडलेलीच आहे ना?" हा प्रश्न कधीच सिगरेट न ओढलेली माणसंच विचारतात. त्यात शंका असते, आणि शंका घेतली की माणसाला ती खरी करून दाखवावीशी वाटते.

टपरीवाल्याचं वेगळंच. मी चहाला गेलो की सवयीनं तो ग्लासाशेजारी माझी सिगरेट ठेवायचा आणि सुतळीला बांधलेला लायटर माझ्याकडे सरकवायचा. मी नको म्हटलं की "हां हां, विसरलो" म्हणून उचलायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो मुद्दाम करत नव्हता. त्याच्या हातालाच माझी सवय लागली होती, आणि ती सुटायला माझ्यापेक्षा जास्त दिवस लागले.

मग ऑपरेटर घसरला. चुलतभावाच्या हळदीला गावी गेला होता. परत आल्यावर तो माझ्याकडे बघेना. गंगावेशीत आला नाही, मामांचा फोन उचलला नाही. मला कळलं, पण काय बोलावं सुचेना. माझ्याकडून उपदेश निघाला असता, नाहीतर कीव. दोन्ही वाईट. तिसऱ्या दिवशी मामा रिक्षा करून ऑफिसात आले, वर चढले, त्याच्या कॉम्प्युटरशेजारी खुर्ची ओढून बसले. तो कर्सर हलवत राहिला.

"किती झाल्या?" मामांनी विचारलं.

"पाकीट संपलं."

"बरं झालं. म्हंजे फेकायचं काम वाचलं." आणि मग स्क्रीनकडं बोट दाखवून, "ह्यो फोटो वाकडा लावलायस काय, का मलाच तसं दिसतंय?"

फोटो खरंच वाकडा होता. त्यानं सरळ केला. त्या आठवड्यात तो गंगावेशीत आला. मास्तरांनी तोंड उघडलं तशी मावशींनी त्यांच्या हातात दुसरा पेला दिला.

त्यानंतर रात्रीचे माझे फोन हळूहळू कमी झाले. मामांना मी अजून करतो, पण आता पाण्याचा आकडा सांगायला. आणि पान सुटल्यावर माझा फोन वाजतो, तो ऑपरेटरचा. तो पलीकडच्या खोलीत असतो, तरी फोनच करतो. समोर येऊन बोलायचं झालं तर सिगरेटचा विषय निघेल अशी त्याला धास्ती. आम्ही बहुतेक वेळा त्या दिवशी वाकड्या गेलेल्या मथळ्यांवर बोलतो.

परवा आमच्याकडे नवा शिकाऊ उपसंपादक आला. तो व्हेप ओढतो. त्याची विक्री २०१९ पासून देशात बंद आहे, त्याला कुठून मिळतं ते त्यालाच माहीत. गंगावेशीत येऊ का म्हणून त्यानं ऑपरेटरला विचारलं. मास्तर म्हणाले, हा आपल्यात बसत नाही, यानं अजून सोडलेलंच नाही, शिवाय हे सिगरेट नव्हे. बराच वाद झाला. मावशींनी ते यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, नाकाशी नेलं.

"ह्याला तर आंब्याचा वास येतोय. तंबाखू हाय काय ह्यात?"

"तंबाखू नाही मावशी, निकोटिन आहे."

"म्हंजे तंबाखूतलंच न्हवं?"

"हो, तेच."

"मग ये की," मावशी म्हणाल्या, "आन् आज सगळ्यांच्या दुधाचं पैसं तू दे."